खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची तर: तिचं काम कुठलं आणि आपलं कुठलं

काल-परवापर्यंत नेमाने अंडी देणारी कोंबडी एक दिवस अंडी घालायच्या जागेवरून उठतच नाही. हात पुढे केला की पिसं फुलवते, घशातून गुरगुरते, चोच मारते. दाण्याकडे फारसं बघत नाही, तुराही फिकट पडलेला असतो. नव्यानेच चार कोंबड्या पाळलेल्या माणसाला पहिली शंका येते ती आजाराची, आणि औषधाची शोधाशोध सुरू होते. पण बहुतेक वेळा ही कोंबडी आजारी नसते, खुडूक झालेली असते. म्हणजे अंडी घालायचं थांबवून, आहेत ती उबवायला तिचं शरीर तयार झालेलं असतं.

इथून पुढे सल्ले देणारे दोन गटांत विभागले जातात. एक गट म्हणतो, निसर्गाचं काम निसर्गावर सोडा, कोंबडीला सगळं कळतं. दुसरा म्हणतो, कोंबडीच्या नादी लागू नका, उबवणी यंत्र आणा. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. उबवणं आणि पिल्लं वाढवणं यातला फार मोठा भाग कोंबडी माणसापेक्षा सरस करते आणि तिथे आपण लुडबूड करायची नसते. मात्र काही गोष्टी तिला मुळीच करता येत नाहीत आणि पिल्लं दगावतात ती बरीचशी त्यांपायी. ही सीमारेषा एकदा समजली की बाकीचं सोपं आहे.

## खुडूक होते म्हणजे शरीरात काय होतं

कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, पीयूषिका. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोचवणारं रसायन, पाझरतं. दिवस मोठे झाले, हवेत ऊब आली, बसायला अंधारा आडोसा मिळाला आणि पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की हे प्रोलॅक्टिन वाढू लागतं. ते वाढलं की अंडाशय आकसतं आणि अंडी बंद होतात. भूक कमी होते. पोटाखालची पिसं गळतात आणि तिथल्या उघड्या कातडीतला रक्तपुरवठा वाढतो. त्या जागी बोट लावून पाहिलं तर चांगलीच ऊब लागते. पिसं उष्णता अडवतात, म्हणून ती मधून दूर होतात आणि अंडं थेट कातडीला टेकतं.

हे सगळ्याच कोंबड्यांना होत नाही. सिल्की, कोचीन, असील या जातींच्या कोंबड्या सहज खुडूक होतात. पांढरी लेगहॉर्न क्वचितच होते. कारण अगदी व्यवहारी आहे. एकदा बसलेली कोंबडी तीन आठवडे अंडी उबवते आणि पुढे पाच ते आठ आठवडे पिल्लं सांभाळते. एवढा काळ तिच्याकडून अंडं मिळत नाही. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्या कोंबड्यांचीच पैदास पुढे नेली आणि हा गुण त्या जातींतून जवळजवळ निघून गेला. त्यामुळे आपली कोंबडी बसत नसेल तर तिच्यात काही खोट आहे असं समजू नये. खात्रीने खुडूक करेल असा खुराक नाही, युक्तीही नाही.

## आधी खात्री, मग अंडी

दिवसभर जागेवर बसलेली प्रत्येक कोंबडी खुडूक असेलच असं नाही. एखादी अंडं घालायला वेळ लावते, एखादी नुसती आडोशाला बसते. खरी कसोटी रात्रीची. बाकीच्या कोंबड्या दांडीवर झोपायला गेल्या आणि ही मात्र जागेवरच राहिली, असं लागोपाठ दोन-तीन रात्री दिसलं, तर समजावं. दिवसातून एकदाच उठून ती भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते, हीसुद्धा पक्की खूण. इतका वेळ रोखून धरते ती अंड्यांची जागा घाण होऊ नये म्हणून.

हे दोन-तीन दिवस तिच्याखाली खोटी अंडी ठेवावीत. प्लॅस्टिकची चालतात, चिनी मातीची चालतात. खरी अंडी ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी ती उठून निघून जायची, यात वाढू लागलेले जीव वाया जातात.

याच काळात तिला वेगळ्या जागी हलवावं. इतर कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं तर दुसऱ्या तिच्या जागेत घुसून अंडी घालतात, भांडणात अंडी फुटतात. नवी जागा अंधुक, कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची आणि उंदीर, मांजर, मुंगूस, साप शिरणार नाही अशी हवी. खाली भुसा किंवा वाळलेलं गवत, मधोमध किंचित खोलगट. हलवायचं ते रात्रीच. अंधारात कोंबडी शांत असते आणि सकाळी उठल्यावर खाली अंडी लागली की बहुधा जागा मान्य करते.

## अंडी कुठली घ्यायची आणि किती

बाजारात खाण्यासाठी विकलेल्या अंड्यांतून पिल्लं का येत नाहीत, हा प्रश्न फार जणांना पडतो. मोठ्या फार्मवर अंडी देणाऱ्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं घालतेच, पण ते फलित नसतं, म्हणजे त्यात पिल्लाची सुरुवातच झालेली नसते. तेव्हा अंडी हवीत कोंबडा असलेल्या कळपातली. एकदा संयोग झाला की नराचं बीज कोंबडीच्या शरीरात साधारण दोन आठवडे टिकतं. म्हणून रोज संयोग झाला नाही तरी रोजची अंडी फलित असू शकतात.

फलित अंड्याची एक गंमत सगळ्या नियोजनाच्या मुळाशी आहे. घातल्यानंतर ते थंड राहिलं तर आतली वाढ थांबून राहते. ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. म्हणून सात दिवसांत घातलेली अंडी गोळा करून एकाच दिवशी कोंबडीखाली ठेवली, तर सगळ्या पिल्लांचं वय एकाच दिवशी सुरू होतं. रानात कोंबडी हेच करते. आधी अंडी साठवते, पुरेशी झाली की बसते.

अंडी साठवताना थंड पण फ्रिजइतकी गार नाही अशी जागा हवी, १२ ते १८ अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. निमुळतं टोक खाली. धुवायची नाहीत, कारण कवचावर जंतूंना अडवणारा एक पातळ थर असतो आणि तो पाण्याने निघून जातो. मळकी, तडा गेलेली, फार मोठी किंवा वेडीवाकडी अंडी बाजूला काढावीत. आठवड्यापेक्षा जुन्या अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरत जातं.

मध्यम आकाराच्या कोंबडीखाली आठ ते बारा अंडी पुरेत. लहान कोंबडी असेल तर त्याहून कमी. इथे हाव नडते. बारा मावतात तिथे पंधरा ठेवली तर वरची तीनच वाया जातील, असा हिशेब आपण करतो. तो चुकीचा आहे. कोंबडी कडेची अंडी आत आणि आतली कडेला अशी सारखी फिरवत असते. त्यामुळे उघड्यावर पडायची पाळी आळीपाळीने सगळ्यांवर येते आणि गारठ्याचा फटका सगळ्यांनाच थोडाथोडा बसतो.

कोंबडीला आपलं अंडं, परकं अंडं हे कळत नाही. दुसऱ्या कोंबडीने मध्येच येऊन अंडं घातलं तर ती तेही कुरवाळून आत घेते. ते अंडं आठवडाभर मागे असतं आणि त्याचं पिल्लू बाहेर यायच्या आत आई उठून गेलेली असते. म्हणून सुरुवातीच्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी आणि बिनखुणेचं दिसलं की त्याच दिवशी काढून टाकावं. हे काम आपलंच.

## एकवीस दिवस

कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. अंड्याच्या आत मात्र साधारण ३७.५ ते ३८ अंश लागतात. हा मेळ ती बसण्याच्या ढबीने जमवते. गार वाटलं तर घट्ट बसते, गरम झालं तर अंग सैल सोडते.

दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी उलटवते. वाढणारा जीव बलकाच्या वरच्या बाजूला तरंगत असतो. अंडं एकाच बाजूवर पडून राहिलं तर तो कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि वाढ तिथेच अडते. शिवाय कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, पाण्याची वाफ बाहेर पडते. २१ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी उतरतं आणि रुंद टोकाकडे हवेची पोकळी मोठी होत जाते. ही पोकळी शेवटी पिल्लाचा जीव वाचवते, ते पुढे येईलच.

ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. खाते, पाणी पिते, धुळीत लोळते, परत येते. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार झाली तरी बिघडत नाही. अर्धा तास झाला म्हणून तिला पकडून परत बसवायला धावू नये.

आपण एक तपासणी जरूर करावी. सातव्या-आठव्या दिवशी, रात्री, अंडं हातात घेऊन रुंद टोकाला टॉर्च लावायचा. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये काळसर ठिपका दिसला तर जीव वाढतो आहे. अगदी स्वच्छ, पिवळसर दिसलं तर ते फलित नव्हतं. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर सुरू झालेला जीव मध्येच गेला. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकावीत. कुजलेलं अंडं कोंबडीखाली फुटलं तर घाण शेजारच्या अंड्यांना लागते आणि जंतू छिद्रांतून आत शिरतात. शंका असेल त्या अंड्याला मात्र राहू द्यावं आणि चौदाव्या दिवशी पुन्हा बघावं.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही.

## शेवटचे तास: इथे हात आवरा

एकोणीस-वीस दिवसांच्या सुमारास पिल्लू चोचीने हवेच्या पोकळीचा पापुद्रा फोडतं आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. कवच अजून शाबूत असतं. याच वेळी आतून बारीक चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देते. मग चोचीच्या टोकावरच्या एका टणक टोकाने ते कवचाला पहिला टवका पाडतं. हे टोक पुढे थोड्या दिवसांत गळून जातं.

टवका पडल्यावर बारा, कधी चोवीस तासही पुढे काहीच घडत नाही. माणसाचा धीर सुटतो तो इथे. पिल्लू अडकलं असं वाटून आपण कवच सोलायला जातो. खरं तर ते त्या वेळात फार महत्त्वाचं काम करत असतं. कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त शरीरात ओढून घेतलं जात असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात जात असतो. घाईने कवच काढलं तर त्या वाहिन्या फुटतात, रक्त जातं आणि पिल्लू मरतं. दयेपोटी केलेली ही मदत फार जिवांना महागात पडते, म्हणून मी हे जोर देऊन सांगतो आहे.

पोटात गेलेला तो बलक म्हणजे आईने बांधून दिलेली दोन-तीन दिवसांची शिदोरी. पहिलं पिल्लू बाहेर आलं तरी त्याला लगेच दाण्याची गरज पडत नाही. ते आईच्या पंखाखाली सुकत पडून राहतं, आई मागच्या भावंडांसाठी आणखी एक-दोन दिवस बसू शकते. शिदोरी संपत आली की पिल्लं बाहेर धडपडू लागतात आणि आई उरलेली अंडी सोडून त्यांच्याबरोबर उठते. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवायचा आग्रह होता तो याचसाठी.

## “मशीन असताना हा खटाटोप कशाला?”

हजारो पिल्लं काढायची असतील तर मशीनच हवं, यात वाद नाही. कोंबडी ऋतू पाहून बसते आणि एका वेळी दहा-बारा अंडी सांभाळते. पण दहा-बाराच पिल्लं हवी असतील तर विचार वेगळा होतो, कारण मशीनचं काम एकविसाव्या दिवशी संपतं.

पिल्लाला पहिले काही आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आईविना वाढवायचं तर दिव्याखाली पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान राखावं लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत न्यावं लागतं. रात्री वीज गेली तर पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरतात. कोंबडीबरोबर हा प्रश्नच उरत नाही. ज्या पिल्लाला गारठा वाटतो ते पंखाखाली शिरतं, ज्याला उकडतं ते बाहेर येतं.

आणि ती शिकवते. खाण्याजोगं काही सापडलं की दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते आणि भराभर कुकू करत पिल्लांना बोलावते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक क्रिस्टीन निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कोंबड्यांना आधी एका रंगाचं खाणं चांगलं आणि दुसऱ्या रंगाचं बेचव, असा अनुभव दिला. मग त्यांना दिसेल अशा रीतीने पिल्लांपुढे खाणं ठेवलं. आईच्या मते पिल्लं वाईट रंगाचं खात आहेत असं दिसताच तिने उकरणं आणि चोच मारून दाखवणं वाढवलं. २०११ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी पिल्लांवर हवेचे हलके झोत सोडले, तेव्हा पाहणाऱ्या आयांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्या पिल्लांना जास्त हाका मारू लागल्या. आईने वाढवलेली पिल्लं कमी भित्री होतात आणि एकमेकांची पिसं उपटण्याची खोडही त्यांच्यात कमी दिसते.

मशीनमध्ये निघालेली पिल्लंही खुडूक कोंबडीला देता येतात. पण ती एक-दोन दिवसांचीच हवीत. पिल्लू पहिल्या दिवसांत ज्याला बघतं त्याच्यामागे जायला शिकतं आणि ती वेळ निघून गेली की आई असूनही तिच्याकडे वळत नाही. कोंबडी निदान दोन आठवडे बसलेली असावी. रात्री अंधारात एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवावं, अंडी काढून घ्यावीत आणि उजाडताना जवळ थांबावं. ती टोचायला लागली तर पिल्लं लगेच काढून घ्यावीत. पहिल्यांदाच आई होणारी एखादी कोंबडी स्वतःच्या पिल्लांनाही टोचते. क्वचित घडतं, पण घडतं.

## “आई आहे म्हटल्यावर रोग कशाला होतील?”

कोंबडीला अजिबात न जमणाऱ्या गोष्टींत ही सर्वांत मोठी. एकाच जागी तीन आठवडे बसलेल्या कोंबडीवर उवा आणि लाल माइट तुटून पडतात. लाल माइट दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. वाढले तर कोंबडी अशक्त होते, अंडी सोडून उठते, मरूही शकते, आणि ही कीड पिल्लांवर तर लगेच चढते. म्हणून अंडी ठेवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी नीट पाहावं, पशुवैद्याला विचारून उपचार करावा आणि जागा स्वच्छ करून नवा भुसा घालावा.

दुसरी रक्ती हगवण. विष्ठेतून पसरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे होते, ओल्या भुशात फोफावते आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लांना गाठते. पिल्लू पिसं फुलवून एका कोपऱ्यात उभं राहतं, विष्ठेत रक्त दिसतं. तेव्हा वाट पाहू नये, औषध वेळेवर मिळालं तर पिल्लं वाचतात. आणि भुसा कोरडा ठेवणं हा निम्मा बचाव आहे. मानमोडी आणि मॅरेक्ससारख्या विषाणूंच्या रोगांवर लस असते. मॅरेक्सची पहिल्याच दिवशी देतात, बाकीचं वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्यावं.

खाण्यातही एक सापळा आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं. तेवढं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणून आई आणि पिल्लं दोघांनाही पिल्लांचंच खाद्य द्यावं. आई अंडी घालत नसते, तिचं काही अडत नाही. पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात खडे टाकलेले. बोटभर खोल पाण्यातही पिल्लू बुडतं.

## “उपाशी बसून कोंबडी मरणार नाही ना?”

वजन उतरतं, ते अपेक्षितच आहे. धडधाकट कोंबडीला ते झेपतं. पण एखादी इतकी चिवट बसते की उठतच नाही. तिला दिवसातून एकदा दोन्ही हातांनी अलगद उचलून दाणापाण्याजवळ ठेवावं. उचलण्याआधी पंखांखाली हात फिरवावा, कारण तिथे कधी कधी अंडं अडकलेलं असतं आणि उचलताना पडून फुटतं. आधीच हडकलेल्या कोंबडीला किंवा नुकतीच पिल्लं वाढवून मोकळी झालेलीला लगेच पुन्हा बसवू नये.

## पिल्लं नकोच असतील तर

अंडी काढून घेतली म्हणजे खुडूकपणा जात नाही, काही कोंबड्या रिकाम्या जागेवरही आठवडेच्या आठवडे बसतात. पोटाखालची ऊब मोडणं हा उपाय. खालून वारा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवलं की बहुतेक कोंबड्या ताळ्यावर येतात. गार पाण्यात बुडवायचा जुना प्रकार क्रूर आहे, तो करू नये.

## निम्मी पिल्लं नर असणार

अंडी ठेवण्याआधी विचारायचा हा प्रश्न बहुतेक जण पिल्लं तीन महिन्यांची झाल्यावर विचारतात. दहा पिल्लांत सरासरी पाच नर निघतात आणि अंडं बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. एका छोट्या कळपाला एकच कोंबडा पुरतो. जास्त झाले की ते आपसांत रक्त निघेपर्यंत झुंजतात आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटून काढतात.

पाच-आठ आठवड्यांत पिल्लांना पुरती पिसं येतात, आई पुन्हा अंडी घालू लागते आणि जवळ आलेल्या पिल्लाला टोचून दूर करते. तिची जबाबदारी तिथे संपते. नरांना दुसरं घर मिळणार आहे का, ते वेगळे ठेवायला जागा आहे का, की ते खाण्यासाठी वाढवायचे आहेत, याचं उत्तर तोवर आपल्याकडे तयार हवं. नसेल तर या वेळी तिच्याखाली खोटी अंडीच राहू द्यावीत आणि कुणाकडून तरी एक-दोन दिवसांची, मादी म्हणून ओळखलेली पिल्लं आणून रात्री तिच्या पोटाखाली सरकवावीत.